एक शिडी वगळता

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा तळटीप सर केस कापायच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते आणि मानेवर वस्तरा होता. अशा अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो. दबावाखाली दिलेला कबुलीजबाब ग्राह्य धरू नये, असं सर स्वतःच वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आले होते. पण ते आठवायला मान मोकळी लागते.

"सर, आपल्या त्रैमासिकाचा रौप्यमहोत्सवी अंक काढतोय," संपादकबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत आपण काय काय छापलं, कोणते विषय वाढले, कोणते मागे पडले, याचा एक आढावा हवाय. तुमच्याइतकं जुनं आमच्याकडे दुसरं कुणी नाही."

'जुनं' हा शब्द वस्तऱ्यापेक्षा जास्त टोचला, तरी सर "हो" म्हणाले. न्हावी म्हणाला, "मान हलवू नका." सरांनी ती हलवलीच नव्हती. तरी सगळं ठरलं.

सर कॉलेजात गुन्हेशास्त्र शिकवत. 'तळटीप' हे नाव मुलांनी ठेवलेलं, कारण सरांचं कुठलंही वाक्य पूर्णविरामावर थांबत नसे. त्याला खाली काहीतरी जोडलेलं असेच. घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी ते "मीठ कमी आहे" एवढंच म्हणून गप्प बसत नसत. "अर्थात हे माझं व्यक्तिगत निरीक्षण" ही पुरवणी यायचीच. त्यांच्या बायकोने लग्नानंतर लवकरच पुरवण्या ऐकणं सोडून दिलं होतं.

आता खरं सांगायचं तर सरांना हा आढावा मनापासून हवाच होता. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मी सांगतो. नवी नोकरी आणि नवं लग्न अशा दुहेरी उत्साहात सरांनी याच त्रैमासिकाच्या सुरुवातीच्या एका अंकात एक लेख लिहिला होता. आयुष्यातला एकुलता एक. विषय असा, की शेजारी एखादी वस्तू घडीभरासाठी म्हणून नेतात आणि परत करत नाहीत, ही चोरी, विसराळूपणा की दोघांच्या मधलं काही? या लेखातून पुढे संशोधनाचा एक अख्खा प्रवाह निघाला, अशी सरांची समजूत होती. तसं त्यांना कुणी कधी म्हटलं नव्हतं. पण तसं नाही, असंही कुणी म्हटलं नव्हतं. आता आढावा घ्यायचाच आहे तर आकडेच काय ते बोलतील, आपण फक्त लाजायचं, असा त्यांचा बेत होता.

पण सर मुळात प्रामाणिक माणूस, आणि सगळं घोडं तिथेच अडलं. आपल्याच लेखाला आपण झुकतं माप देऊ, या धास्तीने त्यांनी विभागातल्या लेखनिकबाईंना सांगून प्रत्येक लेखाचा फक्त सुरुवातीचा सारांश छापून घेतला. लेखकाचं नाव झाकलेलं, शीर्षक झाकलेलं, वर्षही झाकलेलं. सारांश वाचायचा आणि त्याला एका गटात टाकायचं: हिंसा, मालमत्ता, फसवणूक, पोलीस, तुरुंग, बालगुन्हेगार, प्रतिबंध. यांपैकी कशातच बसत नसेल तर 'इतर'. आणि शास्त्राचा नियम असा, की हे काम दोन माणसांनी वेगवेगळं करायचं, काम संपेपर्यंत एकमेकांशी त्यावर अवाक्षर बोलायचं नाही, आणि शेवटी दोघांचं किती जुळलं ते मोजायचं.

दुसरा माणूस म्हणून सरांनी बायकोला धरलं.

ती शाळेत परीक्षाविभाग सांभाळायची. कागदांचे गठ्ठे तिला नवे नव्हते. "किती मार्कांचं आहे?" एवढंच तिने विचारलं.

"मार्क द्यायचे नाहीत गं. फक्त गट सांगायचा."

"नापास कुणी नाही?"

"नाही."

"मग लोक सुधारणार कसे?" असं म्हणून तिने लाल पेन काढलं.

त्याआधी नीतिसमितीची परवानगी लागणार होती. माणसांवर कुठलाही अभ्यास करायचा तर ती लागते, आणि कॉलेजच्या कारकुनाच्या मते बायको हा माणूस होता. समितीचे अध्यक्ष वनस्पतिशास्त्राचे. त्यांनी अर्ज उलटसुलट वाचून विचारलं, "अभ्यासात वापरलेल्या व्यक्तीला नंतर मोकळं सोडणार ना?"

"व्यक्ती म्हणजे माझी पत्नी आहे," सर म्हणाले.

"म्हणजे नाही," असं पुटपुटत अध्यक्षांनी नोंद केली. मग या व्यक्तीवर कामासाठी कोणताही दबाव नाही असं तिच्याकडून लेखी आणायला सांगितलं. सर ते मागायला घरी गेले, तर ती म्हणाली, "मी नाही सही करणार. दबाव आहेच." शेवटी तिने सही केली, पण त्या सहीसाठी सरांनी तिच्यावर जो दबाव आणला त्याची परवानगी कुठल्याच समितीकडून घेतलेली नव्हती, आणि ही गोष्ट सरांना फार दिवस खात राहिली.

काम सुरू झालं. सर जेवणाच्या टेबलावर बसत, ती आतल्या खोलीत. नियम पाळायचा म्हणून दोघांनी त्या विषयावर बोलणं बंद केलं. आणि डोक्यात दुसरा विषयच नसल्यामुळे बोलणंच बंद झालं. जेवताना चमच्यांचा आवाज तेवढा यायचा. सरांना मधूनच एखाद्या सारांशाची आठवण येऊन हसू फुटायचं, तेव्हा ती बोट दाखवून त्यांना गप्प करायची. कधी ती आतून "मूर्ख कुठला!" असं ओरडायची आणि हे लेखकाला म्हटलं की आपल्याला, हे विचारण्याची सरांना बंदी होती.

इमारतीच्या भिंती पातळ. तिथे भांडण ऐकू गेलं तर कुणी लक्ष देत नाही, पण शांतता पसरली की लगेच कळते. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई एक दिवस येऊन सरांसमोर बसल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सर, कीड लहान असते तेव्हाच दाखवायची असते. मग काढूनच टाकावं लागतं."

"काय काढावं लागतं?" सर घाबरले.

"ते मी कसं सांगू? तुमच्या घरातलं आहे."

त्यांच्या मागोमाग तळमजल्यावरचे विमाकाका आले. हे विमा कंपनीतून निवृत्त झालेले. लोकांचे दावे मंजूर-नामंजूर करण्यात यांची हयात गेली होती, आणि निवृत्त झाल्यावरही ती सवय सुटलेली नव्हती. कुणी "पाय मुरगळला" म्हटलं की ते आधी "कुठे, कसा, साक्षीदार कोण?" असं विचारत. त्यांनी दारातूनच निकाल दिला. "सर, चूक तुमची आहे. पुढचं नंतर ऐकतो."

सरांनी त्यांना गट, नियम, सारांश असं सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा विश्वास बसला नाही. विमाकाकांना मात्र ते एकदम पसंत पडलं. "म्हणजे दोघांचं पटलं नाही तर तिसरा माणूस निवाडा करणार? मग मी आहे की!" असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. सर नाही म्हणायच्या आत नेमणूक होऊन गेली. त्यांच्या आयुष्यातल्या बहुतेक नेमणुका अशाच झालेल्या होत्या.

दोघांचं काम संपलं आणि सरांनी जुळणीचा गुणांक काढला. तो शून्याच्या खाली आला. त्यांनी पुन्हा काढला. पुन्हा खाली.

"शून्याखाली म्हणजे काय हो?" बायकोने विचारलं. आता बोलायला हरकत नव्हती.

"म्हणजे आपण दोघांनी डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या असत्या, तरी यापेक्षा जास्त जुळलं असतं."

"हे मोजायला एवढं काय करायचं होतं?" ती म्हणाली. "मला विचारायचं की."

तिचं गणित वेगळंच होतं. तुरुंगात कैद्यांची दाटी झाल्याचा लेख तिने 'मालमत्ता'मध्ये टाकला होता, कारण मूळ भानगड जागेची. बालगुन्हेगारांचे सगळे लेख तिने बाजूला काढून त्यांच्यासाठी 'पालक' असा नवा गट स्वतःच्या अधिकारात उघडला होता. शिवाय बऱ्याच सारांशांवर लाल शेरे होते: 'मुद्दा स्पष्ट करा', 'पाल्हाळ', आणि एका नामवंत कुलगुरूंच्या सारांशावर 'पुन्हा लिहून आणणे'.

तरीही लेखनिकबाईंकडून फक्त वर्षं उघडून घेतल्यावर त्या ढिगातून सरांना काही प्रवाह दिसले. सुरुवातीची वर्षं सगळी तुरुंगांची होती. मग पोलिसांची लाट आली. आणि अलीकडे जो उठतो तो फोनवरच्या फसवणुकीवर लिहितो. बाकीचं जुन्या वाचकाला ठाऊकच होतं: पूर्वी एक माणूस एक लेख लिहायचा, हल्ली पाच जण मिळून अर्धा लिहितात आणि उरलेला अर्धा पुढच्या अंकात देतात. शीर्षकं लांबत लांबत सारांशाएवढी झालेली, आणि सारांश वाचून शीर्षकाचा अर्थ लागेना. प्रत्येक लेखाच्या शेवटी 'अधिक संशोधनाची गरज आहे' हे वाक्य मात्र पहिल्या अंकापासून ठाम उभं होतं. सरांना त्याचा मोठा आधार वाटला.

सगळं सापडलं. एकच गोष्ट सापडली नाही. त्यांचा स्वतःचा लेख.

ढीग वाचताना सर मनात त्याचीच वाट बघत होते. आता येईल, मग येईल. नाव झाकलं म्हणून काय झालं, आपलं लेकरू आपण ओळखणार नाही? पण ढीग संपला आणि तो आलाच नाही. त्यांनी लेखनिकबाईंना फोन केला. "एकही लेख गळलेला नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा होता की पुन्हा विचारायची हिंमत होऊ नये. आता मूळ अंकच काढून पडताळायला हवा होता. तो होता घरच्या माळ्यावर, आणि माळ्यावर चढायला लागणार होती शिडी.

शिडीचं नाव निघालं आणि घरात पुन्हा शांतता पसरली.

शिडी सरांचीच होती. घर घेतलं तेव्हा बायकोच्या वडिलांनी दिलेली, लाकडी, घडीची. विमाकाकांनी ती दिवा बदलायला म्हणून नेली होती, सरांच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा. दिवा बदलला गेला. त्यानंतर दिव्यांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या. सरांनी ती कधी मागितली नाही, कारण मागायची कशी हे त्यांना सुचलं नाही. त्याऐवजी त्यांनी त्या विषयावर लेख लिहिला. बायको सुरुवातीला आठवण करायची, मग तिने तोही नाद सोडला.

सरांनी टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर स्टूल ठेवून पाहिलं. स्टुलावर एक पाय ठेवला आणि दुसरा उचलला, इथपर्यंत शास्त्रीय दृष्टीने सगळं बरोबर होतं. त्यानंतर ते जमिनीवर होते. डॉक्टरीणबाई आवाज ऐकून धावत आल्या, आणि बायको सरांजवळ उभी बघून त्यांना जे वाटायचं ते वाटलं.

"आता बास," बायको म्हणाली आणि स्वतः खाली गेली. सर लंगडत तिच्या मागे. विमाकाकांनी दार उघडलं.

"काका, शिडी हवी होती जरा," ती म्हणाली.

"न्या की!" विमाकाका मोठ्या मनाने म्हणाले. "आपली शिडी, शेजारधर्म म्हणून कुणालाही देतो मी. फक्त वहिनी, नेऊन परत आणा हं. लोक नेतात आणि विसरतात."

बायकोने शिडी उचलली आणि जिना चढताना एकदाही मागे बघितलं नाही. तिचे कान लाल झाले होते, एवढं सरांना दिसलं.

अंक मिळाला. सरांनी धूळ झटकून पान उघडलं आणि स्वतःच्या लेखाचा सारांश वाचला. तो त्यांनी लिहिलेलाच नव्हता. त्या वेळच्या संपादकांनी स्वतःच्या भाषेत लिहून टाकला होता: 'प्रस्तुत निबंधात अल्पकालीन वस्तुहस्तांतरणातील परतावाविमुखतेचा आंतरगृह संदर्भ तपासला आहे.' छापून आल्यावर सरांनी फक्त आपलं नाव पाहिलं होतं, लेख नव्हे. आता त्यांना आठवलं, हा सारांश त्यांनी या ढिगात वाचला होता, चांगला दोनदा. कागद शोधून काढला. वर त्यांच्याच अक्षरात गट लिहिलेला: 'इतर'. आणि खाली तळटीप: 'लेखकाला नेमकं काय म्हणायचं आहे, देव जाणे.'

सरांनी कागद उलटा करून ठेवला. मग त्यांनी बायकोला विचारलं, "तू कशात टाकला होतास हा?"

"हिंसा."

"हिंसा? का?"

"लग्नानंतर पहिल्याच सुट्टीत तुम्ही तो मला अख्खा वाचून दाखवला होता. वस्तुहस्तांतरण म्हटल्यावर मला पहिल्या ओळीत कळलं, ही आपली शिडी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायचं नव्हतं ना," ती म्हणाली. "तुमचाच नियम."

सरांना एकाच वेळी अपमान झाल्यासारखं आणि भरून आल्यासारखं वाटलं, आणि यातलं आधी कुठलं वाटून घ्यावं हे कळेना. आपण स्वतःला ओळखलं नाही आणि हिने ओळखलं. याला शास्त्रात काय म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हतं.

पण पुढचा पेच मोठा होता. दोघांचे गट वेगळे, म्हणजे हा लेख निवाड्यासाठी विमाकाकांकडे जाणार. आणि विमाकाकांचा बाणा असा, की पूर्ण कागदपत्रं पाहिल्याशिवाय निवाडा नाही. वादातल्या प्रत्येक लेखाची ते अख्खी प्रत मागवून घेत होते. आणि अख्ख्या लेखात पहिलंच उदाहरण होतं: 'तळमजल्यावर राहणारे, विमा क्षेत्रातील एक सुस्वभावी गृहस्थ'.

"हा एक मी देतच नाही," सर म्हणाले. "गळाला म्हणून सांगतो."

"मग बाकीच्यांचे कशाला दिलेत? ते लोक लेखक नव्हते?" तिने लाल पेनाचं टोपण लावलं. "द्या. काय व्हायचं ते होऊ दे."

सर अंक देऊन आले. मान खाली घालून, अगदी केस कापायला बसल्यासारखे. त्यानंतर तळमजल्यावरून काही आवाज आला नाही. विमाकाका जिन्यात दिसले नाहीत, फाटकाशी दिसले नाहीत. एवढ्या वर्षांचा शेजार आपण एका लेखापायी घालवला, आणि तो लेखही कुणी वाचलेला नाही! वाचला तर कुणी, तर ज्याने वाचायला नको होता त्या एकट्याने.

मग एका सकाळी बेल वाजली. दारात विमाकाका उभे, काखेत अंक.

"शिडी तुमच्याकडेच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो हो, आत्ता आणून देतो," सर घाईने म्हणाले. सवयच तशी.

"आणू नका!" विमाकाका ओरडले. मग खुर्चीत बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "सर, मी आधी 'फसवणूक' लिहिलं होतं. लेखकाने केलेली. माणसाला सुस्वभावी म्हणायचं आणि पुढे त्याचं असं करायचं! मग मी घरी हिला विचारलं, ती शिडी कुणाची गं? ती म्हणाली, आपली. मला पण तसंच वाटत होतं. मी आयुष्यभर लोकांचे खोटे दावे पकडले हो. आणि माझ्याच घरात..." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही मागितली का नाही?"

"ते लेखाच्या दुसऱ्या भागात आहे," सर हळूच म्हणाले. "मागणाऱ्याचा संकोच."

"वाचलं ते. तेवढंच बरं लिहिलंय." त्यांनी अंक टेबलावर ठेवला. "मी 'प्रतिबंध' लिहिलाय. लेख वाचून गुन्हा थांबला, म्हणजे प्रतिबंधच. आता वहिनींना सांगा, मला चहा चालेल."

बायकोने चहा ठेवला. शिडी तिने दिवाणखान्यातच भिंतीला लावून ठेवली होती, आणि येता-जाता तिला हात लावत होती. वडिलांनी ती स्वतः जिन्यावरून वर आणली होती, असं तिने विमाकाकांना सांगितलं. सरांनी हे आजवर तिला कधी विचारलंच नव्हतं.

नियमाप्रमाणे तिघांचे तीन गट आले की लेख 'इतर'मध्ये जातो. सरांनी नियम पाळला. 'इतर'मध्ये शेवटी तो एकच लेख उरला, त्याच्या आगेमागे कुणी नाही. प्रवाह तर सोडाच, थेंबही नाही. आढाव्यात सरांनी छातीवर दगड ठेवून लिहिलं: 'या लेखाचा पुढील संशोधनावर किंवा समाजावर कोणताही परिणाम झाल्याचे आढळले नाही.' मग बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि खाली बारीक अक्षरात जोडलं: 'एक शिडी वगळता.'

संपादकबाईंनी जागेअभावी आढावा निम्म्यावर आणला. तक्ते गेले, प्रवाह गेले, तळटीपा सगळ्या गेल्या. एक ठेवली. "ही मला कळली नाही," त्या फोनवर म्हणाल्या, "पण का कोण जाणे, काढवेना."

अंक आला त्या दिवशी सरांनी तो आधी बायकोला दिला. तिने ते पान वाचलं, लाल पेन उघडलं, आणि काहीही न लिहिता पुन्हा बंद केलं. इतक्यात बेल वाजली. विमाकाका दारात घुटमळत होते, आणि त्यांना कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"सर, तसं काही नाही... बाहेरच्या खोलीतला दिवा गेलाय. शिडी जरा..."

सर गोंधळले. हो म्हणावं की नाही, की यावर नवा लेख लिहावा, काहीच सुचेना. त्यांनी मागे वळून बघितलं.

बायको शिडी घेऊनच पुढे आली.

"न्या की काका," ती म्हणाली. "फक्त नेऊन परत आणा हं. लोक नेतात आणि विसरतात."